बारा सिलिंडरला वाळ्याची ताटी

मे महिना आला की आमच्या शेडमध्ये वाळ्याची गाठोडी छतापर्यंत रचली जातात. पहिल्या ताटीवर पहिलं पाणी पडतं आणि अख्ख्या गल्लीला तो थंड, मातकट वास सुटतो. या वासाने लोक हळवे होतात. कुणाला आजोळ आठवतं, कुणाला परीक्षा संपल्याची दुपार, कुणाला पन्हं. परवा एक निवृत्त प्राध्यापक कूलर घ्यायला आले आणि ताटीला नाक लावून, डोळे मिटून उभेच राहिले. मला वाटलं, ऊन लागलं. तर म्हणाले, "वहिनी, बालपण परत आलं हो."

माझं काही परत येत नाही. मला या वासाने जळकं रबर आठवतं, उकळत्या पाण्याची वाफ आठवते, आणि खाप्याच्या रस्त्यावर दमेकऱ्यासारखी धापा टाकत उभी राहिलेली बारा सिलिंडरची, दोन दरवाज्यांची एक जर्मन गाडी आठवते. वाळ्यावर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी वाळा गाडीच्या नाकाला बांधलेला पाहिला नसावा. मी पाहिला आहे. बांधणारा माझा नवरा होता.

आमचा धंदा कूलरचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, रंगवायचा, तीन बाजूंना ताट्या लावायच्या, आत पंखा, खाली पाण्याची मोटर. नागपूरचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्याकडे दुपारी बाराला माणसाची सावलीसुद्धा त्याच्या पायाखाली शिरून बसते आणि चार वाजेपर्यंत बाहेर यायला तयार नसते. गच्चीवरच्या टाकीत चहापत्ती टाकली की चहा होतो, साखर तेवढी आपली. अशा गावात कूलरवाला म्हणजे देवाच्या खालोखाल. एप्रिल-मे या दोन महिन्यांत त्याने जेवायलासुद्धा बसू नये. आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत आमचे हे धंदा सोडून गाडीखाली आडवे झाले.

अशा गाडीला क्लासिक म्हणतात. फ्रिज जुना झाला की भंगार. कपाट जुनं झालं की भंगार. बायको जुनी झाली की काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गाडी जुनी झाली, तिचे सुटे भाग जगात मिळेनासे झाले, ती चालण्यापेक्षा उभी जास्त राहू लागली, की ती क्लासिक होते आणि तिच्याशी हळू आवाजात बोलावं लागतं.

ती आली एका कोळशाच्या ठेकेदाराच्या बंगल्यातून. ठेकेदार गेले, मुलं परदेशात, आणि ही कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं उभी. मागच्या सीटवर मांजरीची बाळंतपणं झालेली, डिकीत मुंग्यांचं एक मोठं संस्थान. दारात आली तीही स्वतःच्या चाकांवर नाही, क्रेनला लटकून आली, मागचे पाय जमिनीवर घासत. हे तिच्यापुढे चालत होते, वरातीत वधूपिता चालतो तसे. ओळखीचे लोक मला हसून म्हणाले, "वहिनी, सवत आली." मी म्हटलं, सवतीला निदान स्वतःच्या पायांनी घरात येता येतं.

दिसायला होती, ते कबूल करते. काळी, लांब, इतकी बुटकी की शेजारच्या पोर्चमधल्या स्कूटीने तिच्याकडे खाली पाहावं. बॉनेट एवढं मोठं की नाक चौकात पोचलं तरी शेपूट घरातच. दोन दारं, प्रत्येक दार कपाटाएवढं, आणि काचेला चौकट नाही. मागे बसायला जागा दोन नारळांची. त्या जागी बसायचं म्हणजे आधी पुढची सीट वाकवायची, मग स्वतः वाकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. चामड्याच्या सीटांना अशा भेगा की मे महिन्यातलं कन्हानचं पात्र बरं. बारा सिलिंडर. आमच्या अख्ख्या गल्लीतल्या दुचाक्या एकत्र केल्या तरी एवढी सिलिंडरं भरली नसती, आणि सगळ्या दुचाक्या मात्र चालत होत्या.

तिचे दिवे झाकणाखाली लपलेले. बटण दाबलं की झाकणं वर येऊन डोळे उघडावेत. तिचा एकच उघडायचा. संध्याकाळी दिवे तपासायला हे बसले की रस्त्याने फिरायला निघालेल्या समस्त महिलामंडळाला ही डोळा मारायची. शेजारच्या मेश्रामवहिनींनी आधी तक्रार केली, मग मान वळवणं सुरू केलं, आणि जूनपर्यंत त्या पदर सावरून हसायला लागल्या होत्या.

आणि ती बोलायची. काही दुखलं-खुपलं की समोरच्या छोट्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत जर्मन वाक्य उमटायचं. हे लगेच मोबाइलने त्याचा फोटो काढून भाषांतर करत. "कुसुम, ते म्हणते पाणी तपासा." "कुसुम, तिले उजवीकडून काहीतरी होऊन राहिलं." लग्न झाल्यापासून मी याच घरात स्वच्छ मराठीत सांगत होते की मोरीचा नळ गळतो. त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आता सगळ्या एकात एक मिसळल्या आहेत. पोर्चमधून बाहेर आलेले दोन पाय, चपलांसकट. पेट्रोल आणि वाळा यांचा एकत्र वास, पोळीलाही तोच. फोनवर गिऱ्हाईक ओरडतंय, "दिनूभाऊ, लेकराच्या अंगावर घामोळ्या उठल्या, कूलर कधी देता गा?" आणि गाडीखालून उत्तर, "उद्या." जर्मनीहून रबराची एक बांगडी यायची होती, त्याशिवाय इंजिन श्वास घेणार नव्हतं. माझ्या बाळंतपणात यांनी जेवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या तेवढ्या कुरियरवाल्यासाठी घातल्या. बांगडी आली. दुसऱ्याच गाडीची होती. यांनी ती फेकली नाही. देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

कामठीचे अन्वरभाई तिला पाहायला यायचे. सैन्याच्या जुन्या गाड्यांवर हात बसलेला माणूस. बॉनेट उघडलं की ते बराच वेळ नुसते पाहत राहायचे, परक्याच्या संसारात डोकावल्यासारखे. एकदा चहा घेताना मला हळूच म्हणाले, "भाभी, इसमें बारा सिलिंडर हैं. दो बंद भी पड़ जाएँ तो गाड़ी को चलेगा, दिनूभाई को पता भी नहीं चलेगा. मैं बताता नहीं, आप भी मत बताना."

रविवारी सकाळी फुटाळा तलावावर या लोकांचा मेळा भरायचा. क्लासिकवाले. ज्यांच्या गाड्या चालतात ते गाडीने येत, बाकीचे रिक्षाने. सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि पुरुष भोवती हात मागे बांधून, मान खाली घालून उभे. कुणी हलक्या आवाजात विचारायचं, "केव्हापासून?" दुसरा म्हणायचा, "मागच्या आठवड्यापर्यंत चांगली होती." मग तर्री-पोहे. दहनघाटावर यापेक्षा जास्त हशा ऐकलाय मी.

तिचा उपयोग म्हणाल तर एकच झाला, आणि तो मेश्रामवहिनींनी शोधला. एके सकाळी वाटलेल्या मुगाची परात घेऊन फाटकात उभ्या.

"कुसुमताई, तुमची गाडी आज कुठं जाऊन राहिली का?"

"कुठं जाते वं. तिले चाकं निसते दाखवाले आहेत."

"मंग मुंगवड्या टाकू का तिच्यावर?"

त्या काळ्या पत्र्यावर वहिनींनी दुसरी ओळ घालायला घेतली तोवर पहिली वाळून टणाटण वाजत होती. तिसरी ओळ तर भाजूनच निघाली. खालून यांचं डोकं बाहेर आलं, भुवईवर ग्रीस.

"वहिनी, हा ओरिजिनल पेंट आहे जी."

"मुंगवड्याबी ओरिजिनलच आहेत," वहिनी म्हणाल्या आणि चौथी ओळ घालायला लागल्या.

आता कुणी विचारेल, कूलरवाल्याला हा शौक कुठून लागला. शौक नव्हताच. ज्या माणसाने आयुष्यभर एक स्कूटर आणि एक डब्यासारखी गाडी आनंदाने चालवली, त्याला म्हातारपणाच्या उंबऱ्यावर जर्मन इंजिनाची स्वप्नं उगीच पडत नाहीत. कारण खाप्याला राहत होतं. कारण म्हणजे माझे बाबा.

बाबा लाल बसचे ड्रायव्हर. खापा ते नागपूर, नागपूर ते खापा, केस पिकेपर्यंत. कन्हानला पूर आला असताना त्यांनी एकदा भरलेली बस पोहवत पलीकडे नेली, असं सांगतात. सांगणारे बाबाच. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, ड्रायव्हर आणि पॅसेंजर. मंत्री, डॉक्टर, मास्तर, व्याही सगळे पॅसेंजर. आणि त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द एकच होता, 'बराबर'. तो ते कुणालाही देत नसत. त्यांच्या बसला मिळाला होता. पारशिवनीच्या एका बैलजोडीला मिळाला होता. आईच्या वांग्याच्या भाजीला एकदा मिळाला, तर ती बिचारी मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत होती.

जावयाला मिळाला नाही. यांनी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासऱ्यासाठी स्वतःच्या हाताने कूलर केला, एवढा मोठा की बैलगाडीतून उतरवायला अर्धं खापा लागलं. बाबा त्याच्यासमोर एक दुपार झोपले आणि उठून म्हणाले, "हवा ओली येते." स्कूटर घेतली, तर म्हणाले, "पडसान." डबा गाडी घेतली, तर तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची कधी येनार?" हे हसायचे. पण परत येताना रस्ताभर बोलायचे नाहीत. मी म्हणायचे, मी बराबर म्हणते ना. पण माझं बराबर त्यांना नको होतं. घरच्या कूलरची हवा कुणाला लागते?

त्या उन्हाळ्यात बाबांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं टाळलं. त्याच आठवड्यात क्रेन दारात आली. यांनी मला काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही, पण गाडीखालच्या त्या दोन पायांना कसली घाई आहे ते मला कळत होतं. एवढी मोठी गाडी, एवढा मोठा आवाज, एवढी सिलिंडरं. तिच्यात बसून तरी म्हातारा तो शब्द काढेल. मला नवऱ्याची कीव आली असं कुणी समजू नये. चीड आली. दोघांचीही.

मेच्या शेवटी, नवतपा म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस सुरू झाले तेव्हा, गाडी चालू झाली. आवाज काय सांगू, पलीकडच्या गल्लीत लोक भूकंप म्हणून बाहेर आले. फक्त ती तापायची. चौकापर्यंत गेली की पडद्यावर जर्मन आक्रोश. अन्वरभाई म्हणाले, जुलैपर्यंत थांबा, पाऊस पडू द्या. पण जुलैची खात्री कुणाला होती? बाबांना सावनेरला एका लग्नाला जायचं होतं. यांनी सांगून टाकलं, "मामाजी, मी घेऊन जातो."

आणि मग यांनी ते केलं जे जगात फक्त नागपूरचा कूलरवालाच करू शकतो. हवा गरम आहे ना? मग गाडीला थंड हवा द्या. वाळ्याची एक ताटी गाडीच्या जाळीच्या मापाने कापली. वाळा निवडून घेतला, दाट, गिऱ्हाइकाला देतो तसला विरळ नाही. ती रेडिएटरपुढे तारेने बांधली. वर भोकांची नळी, डिकीत पाण्याचा कॅन आणि कूलरची छोटी मोटर. मला बोलावून दाखवलं. आनंदाने चेहरा उजळला होता. मी फक्त म्हटलं, "काहून जी, तिले झोप येत नाही का?"

पहाटेच्या गारव्यात आम्ही निघालो. खाप्यापर्यंत ती गेली, खोटं कशाला बोलू. मागे वाळ्याचा वास सोडत, खाली पाणी गाळत, एखादी ओलेती बाई देवळातून परतावी तशी. बाबा धोतर-टोपीत ओट्यावर तयार होते. त्यांनी गाडी पाहिली. सगळी पाहिली. "इच्यात बसाचं का निजाचं?" एवढंच विचारलं, आणि पुढच्या सीटमध्ये उतरले, विहिरीत उतरतात तसे. मी मागे, नारळांच्या जागी.

लग्नाला वेळेत पोचलो. लोक गाडीभोवती जमले, नवरदेवाने घोड्यावरून वळून पाहिलं. हे बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाबा मठ्ठा पीत होते.

परतताना दुपार डोक्यावर. खाप्याच्या अलीकडे एक चढ आहे, त्याच्या माथ्यावरून रस्ता नदीच्या अंगाने गावाकडे उतरतो. चढ अर्धा झाला आणि आतून खरखर ऐकू आली, उंदरांनी पोतं ओढावं तशी. मग पडद्यावर एक नाही, सगळीच्या सगळी वाक्यं उमटली. माथ्याच्या थोडं खाली ती थांबली आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

यांनी बॉनेट उघडलं. वाळ्याचे तंतू सुटून पंख्यात गुंडाळले गेले होते, पंखा मुंडावळ्या बांधल्यासारखा गच्च. उरलेली ताटी ओली होऊन रेडिएटरला चिकटलेली. हवेला यायला रस्ताच नव्हता. बाबा सावकाश बाहेर आले, कानाला उपरणं गुंडाळलं आणि वाकून पाहिलं.

"हे काय आहे, जवाईबापू?"

"वाळा आहे, मामाजी."

"गाडीले?"

"गरम होते म्हणून."

बाबांनी ताटीला बोट लावून पाहिलं. "मानूस गरम झाला त त्याच्या नाकातोंडावर ओली गोधडी दाबता का जी?"

हे बॉनेटमध्ये वाकले. ग्रीसच्या हातांनी वाळ्याची एकेक काडी उपसत बसले. मी इतकी वर्षं या माणसाला हसले आहे, पण त्या क्षणी ज्या तऱ्हेने ते काड्या उपसत होते, ती मला पाहवली नाही. मी नदीकडे पाहिलं. नदीतही पाणी नव्हतं.

मागून एक ट्रॅक्टर आला, लग्नाचंच वऱ्हाड. पोरं उड्या मारून उतरली. "काका, एवढी भारी गाडी, अन् काय झालं गा?" "बारा शिलिंडर आहेत म्हने, त्याच्यातले किती आले आज?" हसत हसत त्यांनी खांदे लावले. हे स्टिअरिंगवर बसले. पण इंजिन बंद पडलेलं, स्टिअरिंग दगड झालेलं. गाडी तिरपी होऊन खड्ड्याकडे निघाली. पोरांनी अडवली.

"सरका," बाबा म्हणाले.

"मामाजी, ब्रेकबी कडक लागन. तुमची तब्येत..."

"सरका म्हनलं ना."

हे सरकले. बाबा बसले. चावी चालू आहे ना विचारलं, गिअर मोकळा आहे ना विचारलं, पाठ सरळ केली आणि दोन्ही हात चाकावर असे ठेवले, जसे ते बसच्या चाकावर ठेवायचे, मोठ्ठे, पसरून. पोरांनी माथ्यापर्यंत ढकलली आणि सोडली.

लिहायला लाज वाटते, पण ती सुंदर चालली. आवाज नाही, धूर नाही, जर्मन नाही. चौकट नसलेल्या काचा खाली, दोन्ही बाजूंनी भट्टीसारखी गरम वाऱ्याची झाव आत शिरत होती आणि चाकांचा फक्त एक हलका गुणगुणाट. पळसाची झाडं मागे जात होती. बाबांचे दंड, ज्यांच्यावर महिनाभर सुया टोचल्या होत्या, प्रत्येक वळणाला ताठ व्हायचे आणि ती जड काळी बया निमूट वळायची. एका गाईला त्यांनी हॉर्न दिला. हॉर्न चालत होता. हे शेजारी बसून रस्त्याकडे बघत नव्हते, सासऱ्याकडे बघत होते.

उतार संपला, गाव आलं. बाबांनी तिला सावकाश बसथांब्यावर आणून उभी केली, दार बरोबर बाकड्यासमोर. दोन बायका पिशव्या घेऊन उठल्यासुद्धा. बाबांनी हँडब्रेक ओढला, उपरण्याने कपाळ पुसलं आणि समोर पाहत म्हणाले,

"गाडी बराबर आहे, जवाईबापू. निसतं ते इंजन काढून टाका."

बाबांनी तो पावसाळा काही काढला नाही.

गाडी अजून पोर्चमध्ये आहे. या मेमध्येही तिच्यावर मेश्रामवहिनींच्या मुंगवड्या आहेत, यंदा सोबत पापडही. रविवारी क्लासिकवाले येतात, हात मागे बांधून तिच्याभोवती उभे राहतात, आणि हे त्यांना सांगतात. दर वेळी सांगतात. "आमचे मामाजी, सारी जिंदगी बस चालवली त्यांनं. कोनाले चांगलं म्हनत नव्हते. थे स्वतः चालवून म्हनले, गाडी बराबर आहे." आणि थांबतात. पुढचं वाक्य यांनी कधी ऐकलंच नसावं, इतक्या सरळ चेहऱ्याने थांबतात.

मग ती सगळी रिकामटेकडी मंडळी माझ्याकडे वळते. कुणीतरी विचारतं, "खरं का जी, वहिनी?"

मी चहाचा ट्रे बॉनेटवर ठेवते, ओरिजिनल पेंटवर, आणि म्हणते, "हो जी. मी मांगंच बसली होती. बराबर म्हनले होते."